मापाचा ओटा

“मला एवढंच सांग, तो येणार कधी?”

“कोण, मावशी?”

“घेणारा. ज्याच्यासाठी माझं घर सजवायला काढलंयस, तो. आला की ह्या ओट्यावर भाजी कशी चिरायची ते त्यालाच विचारीन म्हणते.”

भाच्यानं मोबाइल खिशात टाकला आणि हसायचा प्रयत्न केला, पण हसू काही फुटलं नाही. सकाळचे आठ वाजले होते. स्वयंपाकघरात ओल्या सिमेंटचा वास कोंडला होता आणि कालच बसवलेल्या काळ्या दगडाच्या ओट्यामागं मावशी उभी होती. ओट्याची कड तिच्या बरगड्यांना भिडलेली. कोर्टात साक्षीला उभं केल्यासारखी दिसत होती बाई. फक्त इथं साक्षीदारच वकिलाला घाम फोडत होता.

“अगं, घेणारा म्हणजे कुणी एक माणूस नसतो. बोलायची पद्धत असते ती. उद्या समजा तू हे विकायला काढलंस...”

“काढलंय का मी?”

“नाही गं, पण समजा.”

“मी का समजू? आजवर दुसऱ्याचंच समजत आले. आता तुम्ही समजा.”

गल्लीत तिला टाचणी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर नाव तिला आवडतंही. उंची चार फूट सात इंच, अंगानं काटकी, आणि ओठांत कायम चार-सहा टाचण्या धरलेल्या. त्या न काढता ती गिऱ्हाइकाशी बोलते, भांडते, शिंकतेसुद्धा. चुकून एखादी पोटात गेली तर वाकडी टाचणीच होईल, बाईला काही व्हायचं नाही, असं शेजारचा घड्याळवाला म्हणतो.

तिचं दुकान कपडे मापात करून देण्याचं. माणूस तयार कपड्यांच्या दुकानात शिरतो, आरशापुढं गोल फिरतो, खूश होऊन पिशवी घेऊन निघतो आणि घरी गेल्यावर पुन्हा घालून बघतो. दुसऱ्या दिवशी तो टाचणीच्या दारात उभा. एकाची बाही बोटांवर आलेली, दुसऱ्याचं पोट बटणाबाहेर डोकावतंय, तिसरीचा मुंढा काखेत कापतोय. तीस वर्षांत जसाच्या तसा कपडा बसलेला एक माणूस तिनं बघितला नाही. “दुकानवाले एका माणसाला धरून शिवतात,” ती म्हणते, “आणि तो माणूस अजून आईच्या पोटातून बाहेर आलेला नाही.”

लोकांची मापं घेत जन्म गेला आणि स्वतःच्या मापाचं काही वाट्याला आलं नाही. माहेरी ओट्यापर्यंत हात पोचायचा नाही म्हणून बादली पालथी घालून त्यावर उभी राहायची. सासरी स्टूल मिळालं, तेही तीन पायांवर नीट आणि चौथ्यावर लंगडं. नंतर भाड्याच्या दोन खोल्यांत सव्वीस वर्षं काढली, तिथं साबणाच्या वड्यांचं लाकडी खोकं होतं. शेगडीवर पातेलं चढलं की आत काय चाललंय ते तिला दिसायचं नाही. भाजी शिजली का करपली हे वासावरून ओळखायचं. एकदा खोकं सरकलं, पाय निसटला आणि उकळतं पाणी डाव्या हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आजही चुरगळलेल्या अस्तरासारखी दिसते. घरमालकाला ओटा खाली घ्या म्हणून तिनं सांगून बघितलं होतं. तो म्हणाला, तुम्ही गेल्यावर दुसरे भाडेकरू येतील, त्यांचं काय?

तेव्हापासून तिनं मनाशी एकच धरलं होतं. आपलं घर झालं की त्यात खोकं असणार नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून स्वयंपाक करायचा. बाईचं मागणं मागून मागून एवढंच.

घर झालं. एका ओळीतल्या जुन्या घरांपैकी शेवटचं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बरंच पाडून नव्यानं करायचं होतं. तिच्या बहिणीचा मुलगा घरांच्या खरेदीविक्रीत आहे. तो धावत आला. “मावशी, तू फक्त दुकान बघ, बाकी माझ्यावर सोड.” मुलगा वाईट नाही. अडल्यानडल्याला हाक मारली तर जेवणावरून उठून येतो. पण घर बघितलं की त्याला घर दिसतच नाही, जाहिरात दिसते.

तिला जमीन तांबडी हवी होती. भाचा म्हणाला, तांबडी जुनाट वाटते, घेणाऱ्याला पांढऱ्या मोठ्या लाद्या लागतात. पांढऱ्या लाद्या बसल्या. जी बाई घरीसुद्धा मांडीवर शिवण घेऊन बसते, तिच्या घरात पडलेली टाचणी चकचकीत पांढऱ्या फरशीवर दिसणार कशी, हे त्या घेणाऱ्याला कोण सांगणार? तिला स्वयंपाकघराला दार हवं होतं, नाहीतर तेलाचा वास गिऱ्हाइकांच्या कोटांत जाऊन बसतो. भाचा म्हणाला, आता उघडंच चालतं. मधली भिंत पडली. तिला मशीनमागची भिंत गडद हिरवी हवी होती, बाटलीसारखी. भाचा म्हणाला, राखाडी लाव, राखाडी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. ती म्हणाली, माझ्या खुपतो. भाचा म्हणाला, तुझ्या नाही गं, घेणाऱ्याच्या.

एकेक करत तिनं सगळं सोडून दिलं. होता होता त्या घेणाऱ्याला घरात जावयाचा मान मिळू लागला. तिचा नवरा, साधा माणूस, आयुष्यभर बस चालवली, तोसुद्धा एक दिवस विचारून बसला, “घेणाऱ्याला पंखा कुठं चालेल?” टाचणी म्हणाली, “विचारून घ्या, त्याला अंथरूणही घालायचं का मधल्या खोलीत.”

एका गोष्टीवर मात्र ती अडून बसली. गवंड्याला समोर उभं करून तिनं तीनदा बजावलं, “मिस्त्री, बाकी काय करायचं ते करा. ओटा मला मापाचा हवा.” मिस्त्रीनं तिन्ही वेळा मान हलवली होती. “मापाचाच करतो ताई. त्याची काळजीच सोडा.”

आणि आज तो ओटा तिच्या बरगड्यांना टेकला होता.

मिस्त्री बाहेर घमेलं धूत होता. तिनं त्याला आत बोलावलं.

“मिस्त्री, मी काय सांगितलं होतं?”

“मापाचा ओटा.”

“मग हे काय आहे?”

मिस्त्रीनं ओट्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, परत ओट्याकडं बघितलं. त्याला खरोखरच काही कळेना. “मापाचाच आहे की ताई. चौतीस इंच. सूतभर इकडं नाही का तिकडं नाही. पट्टी लावून बघा.”

“कुणाचं माप हे?”

“कुणाचं म्हणजे? माप ते माप. त्याला काय नाव असतं?”

घोळ तिथं होता. टाचणीच्या धंद्यात माप म्हणजे माणूस. माप घेतलं म्हणजे कुणाचं तरी घेतलं. मिस्त्रीच्या धंद्यात मापाचा म्हणजे जसा सगळीकडं असतो तसा. एकच शब्द, दोघंही तो रोज दहादा उच्चारणार, आणि दोघांनी तीन वेळा एकमेकांना हो म्हटलेलं. भांडण लागायला आणखी काय लागतं?

“तीनशे ओटे बांधलेत ह्या हातांनी,” मिस्त्री म्हणाला. त्याचाही स्वर आता जरा चढला. “एका बाईची तक्रार नाही.”

“विचारलंत का एका तरी बाईला?”

“विचारायचं काय त्यात?”

“तेच म्हणते मी. ओट्यापुढं उभी राहणार बाई, आणि माप ठरवणार कोण, तर ज्याला मीठ कुठल्या डब्यात आहे तेही माहीत नाही. इकडं या. हात दुमडा.”

टाचणीच्या गळ्यात मापाची टेप झोपेतसुद्धा असते म्हणतात. ती तिनं सर्रकन ओढली आणि मिस्त्रीला काही कळायच्या आत त्याचं माप घेतलं. कोपर जमिनीपासून एक्केचाळीस इंच. मग टेपचं टोक स्वतःच्या टाचेखाली दाबून दुसरं टोक आपल्या कोपराला लावलं. चौतीस. खडूनं तिनं दोन्ही रेघा त्या नव्या राखाडी भिंतीवर ओढल्या. भाच्याच्या तोंडून “मावशी, रंग...” एवढं निघालं आणि तिची नजर बघून तिथंच थिजलं.

“ही तुमची रेघ, ही माझी. हा तुमच्यासाठी झकास ओटा बांधलाय तुम्ही. येत जा रोज सकाळी, पीठ मळून देत जा. मला कोपराच्या खाली पाच इंच लागतो. एकोणतीस. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, हातावरचं आहे.” तिनं भाजलेला हात पुढं केला. मिस्त्रीनं मान खाली घातली.

पण माणूस ओशाळला की काहीतरी बोलून बसतो. मिस्त्री बोलून बसला.

“तसं नाही ताई, पण कालच ते साहेब येऊन गेले ना, त्यांनी तर ओट्यावर हात फिरवून बघितला. उंची अगदी बरोबर आहे म्हणाले. म्हणून मला वाटलं...”

“कोण साहेब?”

मिस्त्रीनं भाच्याकडं बघितलं. भाचा नळाकडं बघू लागला. नळाला अजून पाणीसुद्धा जोडलेलं नव्हतं.

“मी विचारते, कोण साहेब?”

“एक ओळखीचे आहेत,” भाचा म्हणाला. “नुसते बघायला आले होते. म्हणजे विकायचं वगैरे नाही. काय भाव येऊ शकतो, एवढा फक्त अंदाज...”

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढे दिवस ज्याच्या नावानं तिच्या घरातलं एकेक काढून घेतलं, तो काल खरोखरचे बूट घालून आला होता. ती दुकानात परक्यांच्या पँटी दुमडत असताना तो तिच्या स्वयंपाकघरात उभा राहिला, तिच्या ओट्यावरून हात फिरवून उंची पसंत करून गेला. आणि तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

“मी ह्या घरात अजून एक पेला विसळला नाही,” ती म्हणाली. आवाज चढवायलाही तिला सुचलं नाही. “आणि तू गिऱ्हाईक फिरवून आणलंस.”

“तुझ्या भल्यासाठीच गं. उद्या अडचण आली, तर हातात काहीतरी...”

“तुझी किल्ली दे.”

“मावशी.”

“किल्ली ठेव आधी. मग बोल.”

त्यानं किल्ली ओट्यावर ठेवली. पण त्यालाही आता चेव आला होता. गवंड्यासमोर शोभा झाली म्हणून असेल. “तू समजूनच घेत नाहीस. सगळे असंच करतात. मी रोज दहा घरं बघतो. आपल्या मनासारखं करून बसलेल्यांची घरं पडून राहतात. वर्षवर्ष कुणी फिरकत नाही. लोक येतात, बघतात आणि हसून जातात.”

“इकडं ये. तो कोट कुणी दिलाय तुला?”

“कोट? विकत घेतला. त्याचा इथं काय संबंध?”

“तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. लहानपणी झाडावरून पडलास तेव्हापासून. दुकानदाराला ते माहीत नव्हतं. मी आत कापूस भरलाय म्हणून तू चारचौघांत सरळ दिसतोस.” भाच्याचा हात नकळत खांद्यावर गेला. मिस्त्रीनं मुद्दाम दुसरीकडं बघितलं. “तो कापूस भरताना मी तुला विचारलं का, उद्या हा कोट जुन्या बाजारात गेला तर घेणाऱ्याचा खांदा कसा असेल? त्याला चालावं म्हणून तुला आज वाकडाच राहू देऊ का? कोट दोन वर्षांत फाटतो रे. ह्या ओट्यापुढं मी मरेपर्यंत उभी राहणार आहे.”

भाच्यानं खांद्यावरचा हात खाली घेतला. गवंड्यासमोर त्याच्या खांद्याची गोष्ट काढायला नको होती, हे टाचणीलाही बोलल्यावर कळलं. पण बोलून गेली ती गेली. माघार घ्यायची तिला सवय नाही.

एवढ्यात नवरा आला. हातात चहाचा थर्मास. दाराच्या चौकटीत डोकं वाकवूनच तो आत येतो, माणूस चांगला सहा फुटी आहे. आत आल्या आल्या भिंतीवरच्या रेघा, ओट्यावरची किल्ली आणि तिघांचे चेहरे बघून त्यानं थर्मास सावकाश खाली ठेवला.

“मिस्त्री,” टाचणी म्हणाली, “हा ओटा फोडा. एकोणतीसवर घ्या. सबंध.”

“फोडतो,” मिस्त्री म्हणाला. दगड नेटानं बसवला होता त्यानं, मन दुखलं होतं. “फोडतो ताई. पण ह्या भाऊंनी चहा कुठं करायचा? रोज तेच तर करून आणतात. एकोणतीसवर करायचा म्हणजे त्यांना गुडघे टेकून बसावं लागेल.”

तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं.

सकाळचा आणि दुपारचा चहा नवराच करतो. सव्वीस वर्षं करतोय. बसच्या सीटवर बसून बसून त्याची कंबर गेलेली, आणि भाड्याच्या खोलीतल्या ओट्याशी तो कमान करून उभा असायचा. तिनं ते रोज बघितलं होतं. बघितलं म्हणजे नजरेसमोर होतं. गल्लीतल्या प्रत्येकाचा खांदा आणि पोट तिला पाठ, पण ह्या एका माणसाला ओटा किती लागतो हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता एकोणतीस म्हणतानाही तो तिच्या डोक्यात आला नाही.

“अहो, सरळ उभे राहा.”

“राहू दे गं. मला चालतं कसंही.”

“सरळ उभे राहा म्हणते ना.”

तो उभा राहिला. कोपरापर्यंत टेप धरायला तिला हात वर करावे लागले. पंचेचाळीस. भिंतीवर तिसरी रेघ पडली, मिस्त्रीच्या रेघेच्याही वर.

“अडतीस तरी लागेल ह्यांना,” ती म्हणाली आणि मग नवऱ्यावरच उखडली. “एवढी वर्षं तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? कंबर दुखते म्हणून रात्रंदिवस कण्हता. ओटा खाली पडतो, हे एकदा बोलायला काय झालं होतं?”

“तुला तो वर पडत होता,” नवरा म्हणाला. “मी कुठल्या तोंडानं सांगू, मला खाली पडतो म्हणून?”

मिस्त्री खोकला. टाचणीनं नाक ओढलं आणि खडू उचलला. ओट्याच्या पुढच्या बाजूला तिनं एक आडवी रेघ मारली, टोकाशी आली तशी ती सरळ वर नेली आणि पुन्हा आडवी केली.

“इथपर्यंत एकोणतीस. इथून खिडकीपर्यंत अडतीस. त्यावर ह्यांची चहाची शेगडी, साखर, पत्तीचा डबा. मधे पायरी येईल ती येऊ दे.”

“ओट्याला पायरी?” मिस्त्री म्हणाला. तीनशे ओट्यांत असला ओटा झाला नव्हता.

“दोन उंच्यांचा ओटा,” भाचा पुटपुटला. “मावशी, जो येईल तो हसेल.”

“येऊन हस म्हणावं. चहा देईन त्याला. वरच्या ओट्यावरचा.”

नवरा तोंडावर हात धरून हसला. भाचा हसला नाही, पण त्यानं घड्याळही बघितलं नाही. जरा वेळानं त्यानं विचारलं, “लाद्यापण उखडायच्या का आता?”

“लाद्या राहू देत. मला काही मस्ती आलेली नाही. पण मधली भिंत परत घालून दार बसवायचं. आणि मशीनमागची भिंत हिरवी. बाटलीसारखी. त्याचं रंगवाल्याला तू सांगणार आहेस, आणि सांगताना घेणाऱ्याचं नाव काढायचं नाही.”

“आणि किल्ली?”

“किल्ली माझ्याकडं राहील. तुला यायचं असेल तेव्हा दार वाजव.”

भाच्यानं मान हलवली. त्याला लागलं होतं, दिसतच होतं. तिनं त्याला थर्मासातला चहा ओतून दिला, पण किल्ली उचलून पदराच्या गाठीला बांधली ती बांधलीच. मग मिस्त्रीकडून तिनं तिन्ही मापं म्हणून घेतली. एकोणतीस, अडतीस, पायरी खिडकीच्या अलीकडं. पुन्हा म्हणा. मिस्त्रीनं शाळेतल्या पोरासारखं पुन्हा म्हटलं. नुसतं मापाचा म्हणून ती आता कुणावर विसंबणार नव्हती. दगडावर पहिला घाव पडेपर्यंत ती दारात थांबली. घाव पडला, काळ्या दगडाचा टवका उडून पांढऱ्या फरशीवर घरंगळत गेला, तेव्हा कुठं तिनं चप्पल पायात घातली.

दुकान उघडायला आज उशीर झाला होता. दारात एक जाडजूड कारकून नवी पँट हातात धरून ताटकळत उभा होता. कमरेला आवळतेय, म्हणाला. टाचणीनं शटर वर केलं, पंखा लावला, त्याला पँट घालून यायला सांगितलं आणि टेप काढली. टेप कमरेभोवती जाताच गड्यानं श्वास ओढून पोट आत घेतलं.

“पोट सोडा.”

“जरा कमीच धरा ना. पुढच्या महिन्यात उतरवणारच आहे मी.”

“पुढच्या महिन्यातला माणूस पुढच्या महिन्यात येऊ दे. आज तुम्ही आलाय. सोडा.”

कारकुनानं आजूबाजूला कुणी नाही असं बघून पोट सोडलं. तिनं आकडा वहीत लिहिला, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि पँटच्या पायांची लांबी बघायला गुडघ्यांवर बसली.